निळ्या लुगड्याची गाठ

टाईपआत्या मला मांडीवर पालथं घालून थोपटायची तेव्हा माझ्या पाठीवर टाईप करायची. डाव्या हाताची चार बोटं करंगळीपासून ओळीनं पडायची, मग उजव्या हाताची, आणि मध्येच एकदा अंगठा टेकायचा. अंगठा म्हणजे दोन शब्दांमधली मोकळी जागा, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळायचं, की बाकीच्या बाया पोरांना थोपटतात ते निराळं आणि आत्या थोपटते ते निराळं. आईनं थोपटलं की झोप यायची. आत्यानं थोपटलं की आता पुढचं बोट कुठं पडतं याची वाट पाहावीशी वाटायची आणि असलेली झोपही उडायची. आई म्हणायची, "बाई, पोरीले झोपवून राहिल्या का उठवून राहिल्या?" आत्या म्हणायची, "थांब वं शांता, एवढी ओळ होऊ दे."

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. अमरावतीत एका जिनिंग फॅक्टरीच्या मागच्या भिंतीला लागून आमची गल्ली होती आणि वडील त्याच फॅक्टरीच्या फाटकावर कामाला होते. आत्याचं लग्न अगदी लहानपणी झालेलं. काही वर्षं सासरी काढून एक दिवस ती हातात पिशवी घेऊन परत आली ती आलीच. गल्लीतल्या बाया मागून म्हणायच्या, नवऱ्यानं टाकली. हे कानावर आलं की आत्या थांबायची आणि न चिडता दुरुस्ती करायची, "टाकली नाही वं. मी उठून आली." एवढं बोलून पाण्याची घागर उचलून पुढे जायची. परत आल्यावर ती मॅट्रिक झाली. आमच्या गल्लीत बायांमध्ये मॅट्रिक झालेली ती पहिली, आणि पुरुष धरले तरी तिसरी.

मॅट्रिकच्या जोरावर तिला एका वकिलांच्या ऑफिसात कागद लावायचं काम मिळालं. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनानं तिला टायपिंग शिकवलं. वकिलांनी नवी मशीन घेतली तेव्हा जुनी त्यांनी आत्याला देऊन टाकली. ती हातगाडीवरून आमच्या दारात आली त्या दिवशी सारी गल्ली पाहायला जमली होती. कोणाला ती शिवणाची मशीन वाटली, कोणाला पेटी वाटली वाजवायची. एका आजीनं तर नमस्कारही केला. काळी, जड, पुढे गोल बटणांच्या चार ओळी. वर डावीकडे सरकत जाणारा भाग, त्याला आत्या गाडी म्हणायची. ओळ संपत आली की गाडी टिंग करून घंटी वाजवायची. तो टिंग ऐकला आणि त्या क्षणापासून त्या मशिनीचं आणि माझं जमलं. म्हणजे माझ्या बाजूनं जमलं.

मी तेव्हा चार वर्षांची होते, आणि घरात माझा लौकिक चांगला नव्हता. कंदिलाची वात वर-खाली करायच्या चकतीत मी ज्वारीचे दाणे घालून पाहिले होते. वडिलांच्या सायकलची घंटी उघडून आत काय असतं ते पाहिलं होतं, पण बंद करता आली नव्हती. आता घरात बटणंच बटणं असलेली वस्तू आली. पहिल्याच आठवड्यात मी तिच्यातली शाईची फीत सगळी ओढून काढली आणि तिचे दोन तुकडे करून वेण्यांना बांधले. माझ्या मते रिबिनीसाठी एवढी सुरेख फीत कोणाच्याच घरात नव्हती. मान, कान, फ्रॉक, भिंत आणि शेजारच्या म्हाताऱ्या आजीचा गाल, जिथं जिथं मी टेकले तिथं तिथं काळं झालं. आईनं माझा हात धरला आणि त्यावर मारायला पळी उगारली.

आत्यानं ती पळी वरच्या वर धरली. "हातावर मारू नको वं शांता. हातच तं आहे तिच्यापाशी."

हे तिचं वाक्य मी पुढे किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. पाठीत धपाटा घाला, कोपऱ्यात उभं करा, जेवायला उशिरा द्या, यातल्या कशालाच तिची हरकत नसायची. पण हातावर मारणं तिला चालायचं नाही. "आज हातावर मारशीन तं उद्या हात पुढंच येनार नाही," म्हणायची. आमच्या गल्लीत सगळी माणसं हातांवर जगणारी, त्यामुळे हे बोलणं ऐकून कोणी हसत नसे. वडील मात्र कुरकुरायचे, "अक्का, तुह्यानं ही पोट्टी बिघडून राहिली."

आता आत्याची अडचण अशी, की माझा हात तर वाचवायचा होता आणि मशीनही वाचवायची होती. कारण मशीन तिची हौस नव्हती. कचेरीत टायपिस्टची एक जागा होती. तिथले साहेब म्हणाले होते, सरकारी परीक्षेचं सर्टिफिकेट आणा, मग पाहू. पण सरकारी नोकरीला वयाची अट असते, आणि आत्याचं वय त्या अटीच्या अगदी काठावर आलं होतं. अकोल्याला होणारी ही परीक्षा हातची गेली, तर पुढची येईपर्यंत वय उलटणार होतं. परीक्षेला ज्याची त्यानं मशीन न्यायची. म्हणजे ही एकच परीक्षा, आणि ही एकच मशीन. घरात पाच जणं असती तर पाचांनी राखण केली असती. आम्ही होतो चौघं, आणि त्यातली एक मीच.

आधी तिनं जुन्या लुगड्याचं झाकण शिवलं. झाकणाखाली काय आहे हे पाहण्याचा मोह झाकणामुळे वाढतो, हे तिच्या ध्यानात आलं नसावं. मग तिनं मशीन ज्वारीच्या कोठीवर ठेवली. मी पाटावर पाट ठेवून चढले आणि मशिनीऐवजी मीच खाली पडले. मग लाकडी खोकं आणून त्याला कुलूप घातलं. कुलपाला मी हात लावला नाही, बिजागरीचे स्क्रू एका पैशानं फिरवून काढले. वडिलांनी ते खोकं पाहिलं आणि माझ्यावर रागवावं की नाही हे त्यांना बराच वेळ ठरवता आलं नाही. शेजारच्या आजीनं सल्ला दिला, पोरीला सांगा त्या मशिनीत भूत आहे, मग पाहा कशी जवळ जाते ती. आत्या एकदम गंभीर झाली. "नको आजी. आज खोटा भेव घालसान, अन् उद्या शायेत टेबलावर मशीन दिसली तं पोरगी पळून जाईन. भेव नाही घालाचा."

कापसाच्या हंगामात तर तिला दोन आघाड्यांवर लढावं लागे. जिनात रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, सुरू झाले की कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगत यायचे आणि भाकरीपासून केसांपर्यंत सगळीकडे बसायचे. मशिनीच्या अक्षरांत ते शाईसकट घट्ट बसले की ओ, ई अशी पोटाची अक्षरं भरून जायची आणि कागदावर नुसते काळे ठिपके उमटायचे. आत्या रोज संध्याकाळी बाभळीचा काटा घेऊन एकेक अक्षर कोरून साफ करी. ते काम ती मला पाहू द्यायची. समोर बसवायची, माझे दोन्ही हात माझ्याच मांडीखाली ठेवायला लावायची आणि म्हणायची, "डोयानं पाहाचं, हातानं नाही." मी डोळ्यानं इतकं पाहिलं, की शाळेत जायच्या आधी मला इंग्रजी अक्षरं उलटी वाचता येत होती. मशिनीतली अक्षरं उलटीच असतात. सुलटी शिकवताना पुढे मास्तरांचे हाल झाले.

आणि मग तिला तो हूक सुचला. गाडीला डावीकडे ओढणारा एक पट्टा होता. पट्ट्याचं एक टोक आत स्प्रिंगच्या डबीला आणि दुसरं गाडीला अडकवलेलं. गाडीकडचा मूळचा हूक केव्हातरी तुटला होता, म्हणून दुरुस्तीवाल्यानं पितळेचा एक बारकासा हूक करून दिला होता, जोंधळ्याच्या दोन दाण्यांएवढा. तो काढला की गाडी जागची हलत नसे. बटण दाबलं तर अक्षर उमटे, पण दुसरं त्याच्याच डोक्यावर, तिसरं दुसऱ्याच्या. पाच-सहा अक्षरांत कागदावर काळा गोळा, आणि टिंग तर नाहीच. आत्याचा सराव झाला, की ती पट्ट्याचं टोक बाजूच्या एका स्क्रूला गुंतवून ठेवी, हूक काढी आणि पदराच्या टोकाशी गाठ मारून त्यात बांधून टाकी. मशीन मग उघडी राहिली तरी चालत असे. मी दोन दिवस काळे गोळे काढले आणि कंटाळले. घरात शांतता झाली. आत्या वडिलांना म्हणाली, "किसन, जमलं बापा."

तिला वाटलं जमलं. मी मात्र मशीन सोडून गाठीच्या मागे लागले होते. ती गाठ कुठे असते, हे मला घरातल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. भाकरी करताना कमरेला खोचलेली, पाणी भरताना खांद्यावरून पाठीला लोंबणारी, झोपताना मुठीत. ती झोपली की मी गाठ चाचपून पाहत असे. आत तो कडक दाणा लागला की बरं वाटे. उघडायची छाती मात्र कधी झाली नाही. मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ते तिला कळू द्यायचं नाही एवढी अक्कल मला आली होती.

परीक्षेच्या दोन दिवस आधी आईला दवाखान्यात नेलं आणि मला भाऊ झाला. घरात मला सांभाळायला कोणी उरलं नाही, म्हणून अकोल्याला मलाही न्यायचं ठरलं. मशीन उचलायला वडील येणारच होते. त्या सकाळी आत्यानं आंघोळ केली आणि पेटीतून पांढरं लुगडं काढलं. दोन वर्षांपूर्वी सारं घर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलं होतं, तेव्हाचं ते लुगडं. त्यानंतर ती ते फक्त बुद्धजयंतीला नेसायची. परीक्षेचा दिवस तिच्या लेखी तसाच होता. रोजचं निळं लुगडं तिनं घडी करून दांडीवर टाकलं, वंदना म्हटली आणि चप्पल घातली. वडिलांनी मशीन चादरीत बांधून खांद्यावर घेतली.

मी दारात उभी होते. दांडीवर निळं लुगडं होतं, आणि त्याचं टोक माझ्या हाताला येईल इतकं खाली लोंबत होतं. टोकाला गाठ होती.

हे मी पाहिलं. अगदी स्वच्छ पाहिलं. आणि मला काय वाटलं ते आज इतक्या वर्षांनी सांगायलाही जड जातं. मला आनंद झाला. गाठ आज पहिल्यांदा आत्याच्या अंगावर नव्हती. संध्याकाळी परत आल्यावर ती मला मिळणार होती. हुकाशिवाय गाडी सरकत नाही हे मला माहीत होतं. आत्या मशीन घेऊन अकोल्याला चालली आहे हेही माहीत होतं. पण या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी आल्याच नाहीत. वडिलांनी माझं मनगट धरून ओढलं आणि आम्ही निघालो. बडनेऱ्यापर्यंत, आणि तिथून अकोल्याच्या पॅसेंजरमध्ये मी खिडकीशी बसून गाणी म्हणत होते. आत्यानं मशिनीवर हात ठेवून डोळे मिटले होते. बोटं तेवढी हलत होती.

अकोल्यात एका शाळेत परीक्षा होती. मैदानात टांग्यांतून, सायकलींवरून, हमालांच्या डोक्यावरून मशिनी उतरत होत्या. उमेदवार जवळजवळ सगळे पुरुष. बाया दोनच, एक आत्या आणि एक चष्मेवाली ख्रिस्ती मुलगी. खोलीत मशीन लावायला सगळ्यांना थोडा वेळ दिला होता, म्हणून वडील आत जाऊन मशीन टेबलावर ठेवून आले. मी व्हरांड्यात खिडकीच्या गजांना धरून उभी होते. आत्यानं चादर सोडली, पट्ट्याचं टोक स्क्रूवरून काढून एका हातात धरलं आणि दुसरा हात पदराकडे नेला. पांढऱ्या पदराचं टोक तिनं चाचपलं. मग दुसरं टोक चाचपलं. मग ती तशीच उभी राहिली.

वडील खिडकीशी आले. "काय झालं अक्का?"

"हूक राह्यला. निळ्या लुगड्यात."

"मी आनतो."

"अमरावतीहून? कवा येशीन?"

वडिलांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि शेवटी त्यांची नजर माझ्यावर आली. "हिच्या पायी! हिच्यापासून लपवता लपवता हे झालं. सारी नोकरी घालवली या पोट्टीनं." त्यांनी माझा उजवा हात पकडला आणि आपला हात उगारला. परीक्षा सुरू व्हायला मोजकी मिनिटं राहिली होती. तरी आत्या टेबल सोडून खिडकीपाशी आली आणि गजांतून हात काढून तिनं वडिलांचं मनगट धरलं.

"सोड तिले, किसन. तिले काय मालूम? लुगडं मी बदललं."

तिले काय मालूम! मार बसला असता तर मी रडले असते आणि विसरलेही असते. पण ते तीन शब्द विसरता येण्यासारखे नव्हते. पॅसेंजरमध्ये न आलेली ती दुसरी गोष्ट आता पहिलीच्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि मला सगळं कळलं.

आत्यानं अंबाड्यातला एक लोखंडी आकडा ओढून काढला, दातांत धरून वाकवला आणि पट्ट्याच्या टोकात अडकवून गाडीला लावला. एकानं भागेना म्हणून दुसरा काढला, मग तिसरा. केस पाठीवर सुटले. आमच्याकडे बाई चारचौघांत केस सोडून बसत नाही, पण तिनं ते नुसते मानेमागे टाकले आणि हात बटणांवर ठेवले. घंटा झाली. पन्नास मशिनी एकदम सुरू झाल्या. तिची गाडी सरकत होती. टिंग वाजला तेव्हा वडिलांनी इतक्या जोरात श्वास सोडला, की शेजारी स्टुलावर बसलेल्या शाळेच्या म्हाताऱ्या शिपायानं वळून पाहिलं.

पहिला पेपर नीट झाला. दुसरा वेगाचा होता, घड्याळ लावून. निम्म्याच्या जरा पुढे तिचे आकडे ताणून सरळ झाले, पट्टा खर्रकन आत गेला आणि गाडी थांबली. आत्या उठली नाही. तिनं डाव्या हातानं गाडी एक घर पुढे ढकलली आणि उजव्या हातानं अक्षर मारलं. पुन्हा ढकलली, पुन्हा मारलं. चहूकडे टिंग टिंग वाजत होते. शिपाईबाबा हळूच वडिलांना म्हणाले, "त्या बाईची मशीन बसली का हो?" वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा तिच्या कागदाचा खालचा भाग कोरा होता.

स्टेशनवर गाडीला अवकाश होता. वडील पाणी आणायला नळावर गेले. बाकावर मशीन, मशिनीशी आत्या, आत्याशी मी. तिनं केसांची गाठ मारली होती, पण ती पुन्हा पुन्हा सुटत होती.

मी म्हटलं, "आत्या, मी पाह्यली होती."

"काय पाह्यली?"

"गाठ. सकायी. दांडीवर."

ती माझ्याकडे वळली. "मंग सांगतलं काहून नाही?"

"तू लपवून ठेवत होती नं. मी सांगतलं असतं तं तुले कळलं असतं, का मले मालूम हाये." मग उरलेलंही सांगून टाकलं. "घरी गेल्यावर काढनार होती मी."

मी हात मांडीखाली घालून बसले होते. आत्यानं ते बाहेर काढले आणि आपल्या हातात घेतले. "मीच शिकवलं बापा तुले लपवाले," ती म्हणाली. "मी रोज लपवत गेली, अन् तू रोज शिकत गेली." मग ती हसली, आणि हसता हसता पांढऱ्या पदरानं डोळे पुसू लागली. मीही रडले. वडील पाण्याचा लोटा घेऊन आले, आम्हा दोघींना तसं पाहून तो आमच्यामध्ये ठेवला आणि लांब जाऊन उभे राहिले.

"बाबाले सांगशीन?" मी विचारलं.

"मी नाही. तूच सांग. जवा सांगावं वाटन तवा. मी बसन तुह्यापाशी."

सांगायला मला बरेच दिवस लागले. सांगितलं तेव्हा ती खरंच शेजारी येऊन बसली. वडिलांनी ऐकून घेतलं, बिडी पेटवली आणि अर्धी होईपर्यंत ओढली. "आता काय," एवढंच म्हणाले. गल्लीत मात्र आत्या विचारील त्याला एकच सांगायची. लुगडं बदललं, हूक राहिला. त्यात माझं नाव कधी आलं नाही.

महिना-दीड महिन्यानं निकाल आला. कागद वाचून तिनं घडी केली आणि आईला म्हणाली, "नापास. वेगात गेली." कचेरीतल्या साहेबांकडे ती एकदा जाऊन आली. वयाला कोणाचाच इलाज नव्हता. आठ दिवस तिनं मशिनीवरचं झाकण काढलं नाही, आणि आश्चर्य म्हणजे मीही तिला हात लावला नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी तिनं मला हाक मारली. "हात धुऊन ये." मी धुऊन आले. तिनं पितळी हूक माझ्या तळहातावर ठेवला आणि पट्टा कसा धरायचा, हूक कुठं अडकवायचा, डबीत काय आहे, घंटी कशानं वाजते, सगळं एकेक करून दाखवलं. बोटं चिमटली तेव्हा फुंकर घातली. मग मला पाटावर बसवून म्हणाली, "आता दिवा लागेपर्यंत मशीन तुही."

त्या दिवसापासून मशिनीला कुलूप नाही, झाकण फक्त कापसाच्या हंगामात, आणि संध्याकाळची पाळी माझी. मी फीत पुन्हा ओढली नाही. ओढायची गरजच राहिली नव्हती, आत काय आहे ते मला माहीत होतं. आत्या पुढे कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली बसून अर्ज टाईप करू लागली. तिथं बसणारी ती एकटी बाई. सुरुवातीला पक्षकार तिच्याकडे यायला बिचकत, मग नांदगाव खंडेश्वरपासून माणसं टाईपवाल्या बाईला विचारत येऊ लागली. तिच्या अर्जात खाडाखोड नसे. कोणी खुशीनं म्हणालं, बाई तुम्ही तर कचेरीत पाहिजे होत्या, तर ती म्हणायची, "पाहिजे होती खरी." आम्ही घरी कोणी तो विषय काढत नसू. मला मात्र कोर्टाच्या बाजूनं जाताना कचेरीच्या इमारतीकडे पाहवत नसे.

मी दहा वर्षांची असताना तिनं दुसरं लग्न केलं. बाळापूरचे एक मास्तर, बायको वारलेली, पदरी चार वर्षांची मुलगी. दोघांनी समोरासमोर बसून विचारून घेतलं आणि विहारात साधं लग्न झालं. एसटी स्टँडवर आम्ही पोचवायला गेलो, तेव्हा मशीन तिच्या मांडीवर होती. मला वाटलं होतं ती मला काहीतरी देईल, काहीतरी खास सांगेल. ती नुसती म्हणाली, "सुट्टीत ये," आणि बस सुटली. मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. जिथं मशीन असायची तिथल्या फरशीवर चार पायांचे चार डाग होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी मला बाळापूरला नेऊन सोडलं. मास्तरांच्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत खिडकीशी तिवई, आणि तिवईवर मशीन, उघडी. खोकं नाही, कुलूप नाही. पट्टा जागच्या जागी. समोर उंच पाटावर मास्तरांची मुलगी कमल बसली होती आणि जिभेचं टोक बाहेर काढून एकेक बटण दाबत होती. हात ओले होते, म्हणजे धुऊन आली होती. तिला कोणी काही म्हणत नव्हतं. स्वयंपाकघरातून भाकरीचा थपथप आवाज येत होता.

मी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. खोटं कशाला सांगू, मला त्या पोरीचा हेवा वाटला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. तिला जे पहिल्याच दिवशी मिळालं होतं, ते मला मिळायला आत्याची नोकरी जावी लागली होती. आत्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही. पण ती मशीन इथं अशी उघडी का आहे, हे त्या घरात मास्तरांनाही ठाऊक नसेल इतकं मला ठाऊक होतं.

कमलनं मला पाहिलं आणि चटकन हात मागे घेऊन पाठीशी लपवला. मोठ्या मुली रागावतात हे तिलाही कळत होतं. मी पिशवी खाली ठेवली, तिच्याजवळ पाटावर बसले आणि तो लपवलेला हात ओढून पुन्हा बटणांवर आणला.

"दाब," मी म्हटलं. "काही होत नाही."

तिनं दाबलं. आतून आत्याचा आवाज आला, "कोन हाय वं मशीनवर?"

कमलनं घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"आमी दोघी," मी म्हटलं.